विषय: नागपुरात आई-बाबांसाठी छोटी गाडी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा प्रतापनगरला असतात. बाबा ७२ वर्षांचे, गाडी अजून स्वतःच चालवतात. आईचे गुडघे दुखतात. जुनी गाडी आता काढायची आहे. बजेट ऑन-रोड सात लाखांच्या आसपास. वापर म्हणजे बर्डी, धरमपेठ, दवाखाना, कधीमधी रामटेक नाहीतर कोराडी, आणि आम्ही आलो की एअरपोर्ट. इथे बसून रिव्ह्यू पाहून पाहून डोकं फिरलं. ऑल्टो के-१० स्वस्त पडते, टियागो मजबूत म्हणतात. तिकडे अलीकडे कोणी छोटी गाडी वापरली असेल तर सांगा.

– न्यू जर्सी, मूळ प्रतापनगर

----

भाऊ,

गेला अख्खा उन्हाळा आम्ही नागपुरातच होतो, म्हणून लिहून राहिलो. रिव्ह्यूवाले टचस्क्रीनवर वीस मिनिटं बोलतात आणि सीटच्या उंचीवर एक वाक्य नाही. तुमच्या आईसाठी तेच पहिलं पाहायचं. ऑल्टोची उंची १५२० मिमी, टियागोची साधारण तेवढीच, वॅगन-आरची १६७५. सहा इंचांचा फरक. छप्पर उंच म्हणून सीटही उंच. ऑल्टोत माणूस खाली बसतं आणि उतरताना दाराला लोंबकळत वर येतं. वॅगन-आरमध्ये खुर्चीवर बसावं तसं नुसतं बाजूला सरकायचं. साडीत तर हा फरक फारच जाणवतो, आमच्या हिला विचारा.

आता ऊन. मे महिन्यात ४५ डिग्री आपल्याला नवीन नाही. उंच गाडीत हवा जास्त, काचा मोठ्या, त्यामुळे वॅगन-आर थंड व्हायला वेळ घेते. मागे एसीचे व्हेंट तिच्यात नाहीत, ऑल्टो-टियागोतही नाहीत. या गटात ते आय-१० नियॉसमध्ये मिळतात. पण नियॉसची सीट पुन्हा खाली. आई पुढे बसणार असेल तर व्हेंटचा मुद्दा सोडून द्या. टेस्ट ड्राइव्ह मात्र सकाळी घेऊ नका. डेमो गाडी दुपारी उन्हात उभी करून ठेवायला सांगा आणि मग बाबांना बसवा. रंग पांढराच.

तिसरी गोष्ट तिकडून लक्षात येत नाही. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून कित्येक गल्ल्यांत रस्ता वर आणि अंगण खाली झालंय. गेटमधून बाहेर पडायचं म्हणजे चढ, तोही रिव्हर्समध्ये. बाबांना क्लच नको झाला असेल तर ऑटोमॅटिक बरी, पण स्वस्त गाड्यांत ती एएमटी असते, म्हणजे गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच-गिअर मशीन बदलतं. गिअर बदलताना मान हलते आणि चढावर ब्रेक सोडला की पायाचा अंदाज लागतो. वॅगन-आरच्या ऑटोमॅटिकला हिल होल्ड आहे, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर घसरत नाही. तरी शोरूमच्या सपाट रस्त्यावर काही कळणार नाही, गाडी घरी आणवून तुमच्याच गेटमधून काढून पाहा.

डिकी: ऑल्टो २१४ लिटर, टियागो २४२, वॅगन-आर ३४१. तुम्ही चौघं मोठ्या बॅगा घेऊन उतरलात तर यातली कुठलीही पुरणार नाही, बॅगांसाठी वेगळी टॅक्सी कराच. सीएनजी घेतली तर वॅगन-आरची डिकी सिलिंडरच खातो. टियागोत दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेत, तिथे जागा बऱ्यापैकी उरते. पण बाबांचं रनिंग एवढंसं, पंपावर रांगेत कशाला उभं करता त्यांना?

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के झालाय, आधी २८ आणि वर सेस होता. म्हणजे जुन्या व्हिडिओतल्या किमती धरू नका. वर आरटीओचा ११ टक्के टॅक्स आणि विमा. ऑटोमॅटिकसाठी सात लाख थोडे ताणावे लागतील.

– सक्करदऱ्याचे काका

----

काका, सगळं पटलं, पण एक गोष्ट तुम्ही गाळली. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाडी आदळून तिची सुरक्षितता तपासते. तिच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन-आरला पाचपैकी १ स्टार होता, ऑल्टो के-१० ला २. टियागोला २०२० मध्ये ४ मिळाले होते. तेव्हाचे नियम सोपे होते हे खरं, तरी फरक आहेच. एअरबॅग नंतर वाढवल्यात, पण वॅगन-आरचा सांगाडाच तेव्हा अस्थिर ठरला होता. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, आणि आपली माणसं "शिर्डी काय, पाच-सहा तासांत" म्हणून निघतात. मी टियागोच घेतली असती, आईला सीटवर जाड गादी घालून.

– मेलबर्नची ताई

----

ताई, गादी घातली की पट्टा पोटावर चढतो आणि डोकं छपराला जवळ येतं. गादी नको. टियागोच्या ड्रायव्हर सीटला उंची वाढवायची सोय वरच्या मॉडेलमध्ये मिळते, पण आई काही ड्रायव्हर नाहीत. समृद्धीबद्दल मात्र तुमचं बरोबर. शिर्डीला जायचं तर मोठी गाडी आणि ड्रायव्हर भाड्याने घ्यावा. ७२ व्या वर्षी बाबांनी तेवढं चालवूही नये.

आणि भाऊ, बाबांचं लायसन्स कधी संपतं ते आधी बघा. पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचंच मिळतं.

– काका

----

काका, ताई, आभार. लायसन्सचं बाबांना विचारलं तर "आहे रे बाप्पा" एवढंच म्हणाले, म्हणून आईकडून फोटो मागवलाय. शनिवारी दुपारी दोन वाजता वॅगन-आर आणि टियागो दोन्ही घरी बोलावल्यात. आईला दोन्हींत पुढे आणि मागे बसवणार. लांबचा प्रवास यांनी करायचा नाही हे बाबांच्या गळी कसं उतरवायचं, यावर कोणाकडे उपाय असेल तर खासगीत लिहा. ते या मेलिंग लिस्टवर आहेत.