गाईला जंताचं औषध पाजून बारा दिवस झाले, काहीच फरक नाही

राऊचा_गोठा: राऊजवळ आमचा लहानसा गोठा आहे. मोठ्या गाईला बारा दिवसांपूर्वी जंताचं औषध पाजलं, तरी शेण पातळच. जबड्याखाली पिशवीसारखी सूज उतरली आहे. सकाळचं दूध सहा लिटरवरून साडेतीनवर आलं. आता दुसरं कुठलं औषध पाजू तेवढं सांगा. संध्याकाळी एकजण महूला जाणार आहे, त्याच्याकडून मागवीन. कृपया 'डॉक्टरांना दाखवा' सांगू नका, आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत.

माळव्यातला: औषध कुठलं, किती पाजलं, गाईचं वजन किती?

राऊचा_गोठा: दुकानवाल्या भय्यांनी दिलं ते. पांढरं, ९० मिलीची बाटली. गाईला ६० आणि कालवडीला ३०.

माळव्यातला: बाटलीवर नाव असेल ना ताई. पांढरी तर निम्मी औषधं असतात.

देपाळपूरवाला: जंताचं इंजेक्शन देऊन टाका, गोचीड पण जातात. आमच्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा फार त्रास. गोठ्याच्या भिंतींच्या भेगाही चुन्याने बुजवा, तिथेच अंडी घालतात.

राऊचा_गोठा: गोचीड नाहीत हो. बाटलीवर अल्बेंडाझोल २.५ टक्के लिहिलं आहे.

माळव्यातला: म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्राम. किलोमागे साडेसात मिलिग्राम धरलं तर ३०० किलोच्या गाईला ९० मिली लागतं. तुम्ही ६० पाजलंत. दोरी घेऊन पुढच्या पायांमागचा छातीचा घेर मोजा आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. वजन नुसतं नजरेने ठरवलं की बहुतेक वेळा कमीच धरलं जातं. अपुऱ्या डोसाने चिवट जंत तेवढे मागे उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

जुना_जाणता: आमचे आजोबा पळसपापडी कुटून गुळातून द्यायचे. ही बाटल्यांची फॅशन आत्ताची. दर तीन महिन्यांनी बाटली ओतायची आणि मग दूध कमी झालं म्हणून रडायचं.

माळव्यातला: काका, पळसाचं बी जुनं आहे हे खरं, पण ३०० किलोच्या गाईला किती द्यायचं हे आजोबांनी कुठे लिहून ठेवलं आहे का? शिवाय जबड्याखाली सूज असेल तर मला यकृतातल्या चपट्या जंताचा संशय येतो. गाय तळ्याकाठी चरते का?

राऊचा_गोठा: हो, रोज. तिथेच हिरवा चारा असतो.

माळव्यातला: मग गोगलगायींमार्फत तोच येतो. पाण्याकाठच्या गवतावर त्याच्या पिल्लांची कवचं चिकटलेली असतात. ६० मिली अल्बेंडाझोलने तो जाणार नाही, आणि पिल्लांवर तर पूर्ण डोसाचाही परिणाम होत नाही. गाय गाभण आहे का?

राऊचा_गोठा: नाही. महिन्याभरापूर्वी भरवली आहे फक्त.

पशुसेविका_धार: ताई, 'फक्त' नाही! भरवल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात. दुकानदाराला सांगितलं होतं का? दुसरं म्हणजे, पाजलं कसं?

राऊचा_गोठा: नाही सांगितलं, विचारलंच नाही त्याने. भावजींनी मान वर ओढून धरली आणि बाटलीनेच ओतलं. ती ठसकली, थोडं नाकातून आलं. तेव्हापासून खोकतेय, पण ते थंडीमुळे असेल.

पशुसेविका_धार: हे सर्वात आधी लिहायला हवं होतं. खोकला औषधानंतर लागला असेल तर ते फुप्फुसात उतरलं असण्याची शक्यता आहे. आता तिच्या तोंडात काहीही ओतू नका, पळसपापडीही नाही, गूळपाणीही नाही. ताप मोजा. साधा थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटं, दोरा बांधून. १०३ च्या वर असेल तर आजच १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरला फोन लावा, ते दारात येतात.

जुना_जाणता: पळसपापडी मी पाजायला नाही, खायला घालायला सांगितली होती.

पशुसेविका_धार: काका, पुढच्या वेळी पाजायचं झालं तर डोकं पाठीच्या रेषेतच ठेवायचं, ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं, जीभ मोकळी. खोकली की लगेच थांबायचं. हे सगळ्यांसाठी लिहितेय.

राऊचा_गोठा: १०४.२. फोन लावला.

देपाळपूरवाला: जंताचं इंजेक्शन दिल्यावर गाईचं दूध पिता येतं का, कोणी सांगाल?

माळव्यातला: बाटलीवर दुधाचा काळ लिहिलेला असतो, तेवढे दिवस डेअरीत घालू नका.

राऊचा_गोठा: डॉक्टर येऊन गेले. फुप्फुसातून घरघर ऐकू येते म्हणाले. पाच दिवस प्रतिजैविकाचं इंजेक्शन. जंताचं काही ताप उतरल्यावरच, तेही शेण तपासून. ताजं शेण डबीत भरून ठेवलंय, महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात देऊन येईल तो माणूस. भरवलेली टिकली आहे का ते दोन महिन्यांनी तपासतील. पाच दिवसांचं दूध डेअरीत घालत नाही, डॉक्टर सांगतील त्या दिवसानंतरच सुरू करू. कालवडीलाही मीच ३० दिलं होतं, तिचं वजन मोजून सांगते, कोणी हिशेब करून द्याल का? छाती ४४, लांबी ३८.

माळव्यातला: साधारण १११ किलो. ३० मिली थोडं कमी पडलं, ३३-३४ लागलं असतं. पण आत्ता परत देऊ नका, तिचंही शेण त्याच डबीबरोबर वेगळं भरून पाठवा.