मदत हवी आहे : मालगुंड परिसरातील सडे, पाखाड्या आणि पुळणी यांवरील माउंटन बाईकचे मार्ग

नमस्कार.

आम्ही सोलापूरचे चौघे जण जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड येथे मुक्काम करून आसपासच्या कच्च्या वाटांवर माउंटन बाईक चालवण्याचा बेत करत आहोत. चौघांमध्ये अकरावीत शिकणारा माझा भाचाही आहे. आरे-वारेच्या डांबरी रस्त्याबद्दल पुष्कळ माहिती मिळते; परंतु सड्यावरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या जांभ्या कातळाच्या पठारावरच्या गाडीवाटा, वाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा आणि खाडीकडे उतरणाऱ्या पाखाड्या यांपैकी सायकल कोठे चालते, कोठे ती खांद्यावर घ्यावी लागते आणि कोठे मुळात नेऊच नये, हे त्या गावांतील किंवा तेथे नेहमी सायकल चालवणाऱ्या माणसाकडूनच कळू शकते. त्यासाठी हा धागा काढत आहे.

आमचा सराव कशा जमिनीवरचा आहे, हे आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. हिप्परगा तलावाच्या परिसरातील मुरमाच्या वाटा, काळ्या रानातल्या शिवाररस्त्यांची कडक झालेली चाकोरी आणि चढाची हौस भागवायला तुळजापूरचा घाट, एवढेच आमचे क्षेत्र. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच असले तरी आसपासचा प्रदेश बहुतांशी सपाट आहे, त्यामुळे एकाच लयीत लांबवर जाण्याची सवय पायांना आहे. किनाऱ्यावर मात्र समुद्रापासून सड्यावर चढायचे, सडा ओलांडून पुढच्या खाडीशी उतरायचे आणि पुन्हा चढायचे, असा क्रम दिवसभर चालतो. हे चढ लांबीला थोडे पण उभे असतात असे ऐकले आहे. आमच्या सायकली हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेल्या) आहेत, पेडलपाशी एकच दातेरी चक्र आहे आणि ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे आहेत. चढासाठी गिअर पुरतील असे वाटते. चिंता उतारांची आहे.

पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. अशा पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही. माडा-पोफळींच्या सावलीतील पाखाडी जानेवारीत पूर्ण सुकलेली असते, की शेवाळ तोपर्यंत टिकून राहते? पावसाचा एवढा फरक आहे की इकडच्या अनुभवावरून तिकडचा अंदाज बांधता येत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या चौथ्या हिश्शाचीही खात्री नसते. शिवाय या पाखाड्या घरांच्या अंगणांना लागून जातात. तेथून सायकली उतरवल्याने वाडीतील वृद्धांना आणि मुलांना त्रास होणार असेल, तर आम्ही सायकल हातात धरून चालत जाऊ. कोणत्या पाखाड्या अशा आहेत, हे कृपया स्पष्ट सांगावे.

आता मार्गांविषयी. पहिल्या दिवशी मालगुंडहून सड्यावर चढून चाफे, जाकादेवीच्या दिशेने जावे आणि शक्य तितक्या कच्च्या वाटेने परतावे, असा विचार आहे. नकाशावर सड्यावर अनेक पुसट रेघा दिसतात, परंतु त्यांतील कोणती रेघ वहिवाटीची वाट आहे, कोणती चिरेखाणीपाशी संपते आणि कोणती आंब्याच्या बागेच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) जाऊन भिडते, हे उपग्रहाच्या छायाचित्रावरून समजत नाही. जानेवारीत कलमांना मोहोर असतो, फवारण्या चालू असतात आणि बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न त्या दिवसांवर अवलंबून असते. अशा वेळी कोणाच्या बागेतून अनोळखी चौघे सायकली घेऊन जाणे योग्य नव्हे. बेडे (कुंपणाचे फाटक) उघडून जाण्याची रीत जेथे आहे, तेथे कोणाला विचारावे लागते?

सड्याबाबत माझा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कातळशिल्पांचा आहे. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आणि त्या यादीतील उक्षी व जांभरुण ही दोन्ही ठिकाणे रत्नागिरी तालुक्यातच आहेत. उक्षीचा हत्ती प्रसिद्ध आहे, त्यामुळे तेथे माणूस सावध राहतो. परंतु ही शिल्पे आडव्या कातळावर कोरलेल्या उथळ रेषांची असतात. त्यांत माती भरून गवत उगवले की अनोळखी माणसाला ती दिसतही नाहीत, आणि जांभा इतका ठिसूळ की एकाच जागेवरून वारंवार चाके गेली तर रेषेची कड झिजणारच. मोकळा सडा दिसला की चाकोरी सोडून हवे तिकडे जाण्याचा मोह सायकलस्वाराला होतो. आम्ही तो टाळणार आहोत, तरीही मालगुंड, चाफे, जाकादेवी या पट्ट्यात न नोंदलेली किंवा कुंपण नसलेली शिल्पे कोणाला माहीत असतील, तर त्यांचे नेमके स्थान येथे उघड न लिहिता ‘अमुक सड्यावर जाऊ नका’ एवढे सांगितले तरी पुरे.

दुसरा दिवस उत्तरेकडचा. वरवड्याची खाडी ओलांडून जयगडपर्यंत जायचे, किल्ला पाहायचा आणि वेळ उरल्यास फेरीबोटीने शास्त्री नदीच्या मुखापलीकडे तवसाळला उतरून हेदवीपर्यंत जायचे. जयगडच्या मुख्य रस्त्यावर बंदराची अवजड वाहने असतात, म्हणून भाच्याला घेऊन त्या रस्त्याने जाणे मला नको आहे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून जाणारी सलग पर्यायी वाट आहे का?

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, सायकल चालवण्यासाठी ओहोटीची वेळ साधावी लागेल. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मला ठाऊक आहे. त्यानुसार द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास पूर्ण होते. पौर्णिमा किंवा अमावास्या नुकतीच होऊन गेल्याने तेव्हा उधाणाचे दिवस असतात, पाणी बरेच मागे जाते आणि भिजलेली घट्ट वाळू रुंद मिळते. म्हणून मुक्कामाचे दिवस पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला धरून ठरवावेत, असे मनात आहे. मालगुंडच्या गायवाडी किनाऱ्यावर हा हिशेब प्रत्यक्षात किती जुळतो, आणि ओढे समुद्राला मिळतात तेथे वाळू चाकाखाली खचते का, हे जाणून घ्यायचे आहे.

याच काळात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. घरटे भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत असते, त्यामुळे आम्ही ओल्या वाळूवरच राहू आणि अंधारात किनाऱ्यावर उतरणार नाही. कासवमित्रांची याहून वेगळी काही सूचना असल्यास ती अवश्य कळवावी. गणपतीपुळ्याला आम्ही सायकली बाहेर लावून पायीच दर्शन घेऊ. तेथे डोंगरच देवाचे रूप मानला जातो आणि त्याला प्रदक्षिणा घालतात. त्या वाटेवर चाके नेण्याचा विचारही आमच्या मनात नाही.

थोडे साहित्याबद्दल. सोलापूरकडे सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे इतके आहेत की आमचे सर्व टायर ट्यूबलेस आहेत आणि त्यांत सीलंट भरलेले असते. काट्याचे छिद्र त्याने बुजते, परंतु कातळाच्या धारदार कडेने टायरची बाजू चिरली तर सीलंटचा उपयोग होत नाही. तेथे हवा किती ठेवता? वाळूसाठी कमी आणि कातळासाठी जास्त, असे दर वेळी बदलावे लागते का? मालगुंड किंवा गणपतीपुळे येथे हायड्रॉलिक ब्रेकचे काम करणारे कोणी नसेल, तर रत्नागिरी शहरात मिळेल का? खाऱ्या पाण्यात गेलेल्या चेनला गोड्या पाण्याने धुऊन तेल देण्यापलीकडे आणखी काही करावे लागते का?

सायकली आम्ही जीपवर बांधून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट या मार्गाने आणणार आहोत, त्यामुळे मुक्कामी त्या रात्री आत ठेवता येतील असे घरगुती निवासस्थान सुचवल्यास उपकार होतील.

परतल्यानंतर चालवलेल्या वाटांचे जीपीएस आलेख येथे द्यावेत अशी इच्छा आहे, कारण सोलापूर, पंढरपूर, बार्शी या बाजूच्या सायकलस्वारांना किनाऱ्यावरील कच्च्या वाटांची माहिती मिळत नाही. मात्र एखादी वाट प्रसिद्ध झाल्यावर तेथे गर्दी वाढून वाडीला किंवा सड्याला त्रास होणार असेल, तर ती आलेखातून वगळणेच बरे. अशा कोणत्या वाटा असतील, हे तेथील रहिवाशांनी आम्ही निघण्यापूर्वीच सांगावे, ही विनंती.