व्याख्या पाठ, तरी वाक्यात शब्द चुकतो

वहीवाला: रोज 30 अवघड इंग्रजी शब्द वहीत उतरवतो, शब्द, व्याख्या, एक उदाहरण. वाचताना ओळखू येतात, लिहायला बसलो की चुकतात. 'कम्प्राइज'ला 'ऑफ' जोडला, 'कन्ड्यूसिव्ह'पुढे 'फॉर' लावला, दोन्ही चूक. वहीत नेमकं काय लिहावं? आणि किती?

कोशकिडा: आधी कोश बदला. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठीचे कोश एक अवघड शब्द दुसऱ्या अवघड शब्दाने समजावतात. शिकणाऱ्यांसाठीचे कोश वेगळे असतात. लाँगमनच्या 1978 च्या कोशात व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच बसवल्या होत्या. 1987 च्या कोबिल्ड या कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली. त्यामुळे कोण करतो, कशाला करतो, पुढे कोणतं शब्दयोगी येतं, हे व्याख्येतच कळतं.

वहीत एकटा शब्द कधीच लिहू नका, त्याची चौकट लिहा, म्हणजे त्याच्या आगेमागे येणारे शब्द. 'कन्ड्यूसिव्ह टु समथिंग'. 'अ होल कम्प्राइजेस पार्ट्स', मधे काही नाही; 'ऑफ' हवाच असेल तर 'कन्सिस्ट्स ऑफ'. 'मिटिगेट' (सौम्य करणे) घेतो रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स. 'मिलिटेट' दिसायला त्याचा भाऊ, पण त्याला 'अगेन्स्ट' लागतो आणि अर्थ 'आड येणे'.

शब्दाचा कलही टिपा. 'कॉज'पुढे बहुतेक वेळा वाईटच येतं: डॅमेज, डिले, कन्फ्यूजन. आपण अपघाताला 'कारणीभूत' म्हणतो, यशाचं मात्र 'श्रेय' देतो, तसंच हे. कोशातल्या अर्थात हा कल अनेकदा सापडत नाही, उदाहरणांत सापडतो.

उजळणी_मास्तर: 30 हा आकडाच घात करतोय. प्रत्येक शब्द 1, 3, 7, 16 आणि 35 दिवसांनी पाहायचा म्हटलं, तर पाच आठवड्यांनंतर रोज 150 जुने शब्द अंगावर येतात, वर 30 नवे. उजळणी तुंबते आणि वही कपाटात जाते. रोज 8 घ्या. जुने 40 होतात, ते निभतं.

उजळणीला कार्डं वापरा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि त्यांची दिशा उलटी ठेवा. शब्द पाहून अर्थ आठवणं ही नुसती ओळख झाली. पुढच्या बाजूला व्याख्या आणि गाळलेल्या जागेचं वाक्य ठेवा, शब्द मागे. समानार्थी किंवा सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. 'अ‍ॅडव्हर्स' आणि 'अ‍ॅव्हर्स' जोडीने शिकलात तर जोडीनेच चुकतील. पहिला पक्का होऊ द्या.

तिरकस_टीप: उदाहरणावर कुणी बोललंच नाही. 'ही इज ऑब्ड्युरेट' हे वाक्य कुचकामी, कारण त्या जागी 'टॉल'सुद्धा बसतं. शब्द झाकून पाहा. काहीही चालत असेल तर वाक्य फेका. 'डिस्पाइट हर टिअर्स अँड प्लीज, द जज रिमेन्ड ऑब्ड्युरेट' इथे पाझर न फुटणाराच शब्द हवा.

स्वतःचं वाक्य जरूर रचा, पण कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या लिखाण-बोलण्याच्या शोधता येणाऱ्या साठ्यात, ताडून घ्या. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये 10 कोटी शब्दांचा खराखुरा वापर आहे. तिथे 'कन्ड्यूसिव्ह टु' आणि 'कन्ड्यूसिव्ह फॉर' शोधून संख्या पाहा, वाद मिटतो. आणि कोशकिडा, इंग्रजी कोश घेतला तरी मराठी अर्थ वहीतून हाकलायची गरज नाही. वस्तूंच्या नावांना तोच बरा, 'लॅपेल'ची (कोटाची पुढची दुमड) इंग्रजी व्याख्या वाचण्यापेक्षा चित्र आणि एक मराठी शब्द पुरे.

वहीवाला: मग 'सॅन्क्शन'चं काय? मंजुरीही तोच आणि निर्बंधही तोच.

कोशकिडा: दोन कार्डं, आणि मधे आठवड्याचं अंतर. मंजुरीचं क्रियापद: 'द बोर्ड सॅन्क्शन्ड द प्लॅन'. निर्बंध म्हणून बहुधा अनेकवचनी नाम, चौकट 'इम्पोज सॅन्क्शन्स ऑन'. चौकट वेगळी लिहिलीत की गोंधळ कमी होतो.