शुगर असताना ऑपरेशन झालं असेल तर इथे लिहा

सुरंगी
परवा आमच्या वाडीतल्या एका काकांना हर्नियाचं ऑपरेशन न करताच घरी पाठवलं. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, १०.४ निघाली. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, घाईचं नाहीये, आधी साखर खाली आणा. काका तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतायत, "पोटातल्या जाळीचा नि साखरेचा संबंध काय?" त्यांच्याशी बोलताना आमच्या बाबांच्या पित्ताशयाच्या वेळचं सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

संबंध आहे आणि चांगलाच आहे. साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम लवकर भरत नाही, टाके पिकतात. त्यात हर्नियाला आधार म्हणून आत जाळी बसवायची असेल तर संसर्ग परवडतच नाही. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनला बरेच डॉक्टर एचबीएवनसी ८ च्या आसपास आलेली बघतात.

बाबांना तीन गोळ्या होत्या. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन, ती लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. आमच्या फिजिशियननी ही तिसरी तीन दिवस आधीच बंद केली, बाकीच्या दोन फक्त त्या दिवशी सकाळी नाहीत. असं वेगवेगळं का, म्हणून मी परत जाऊन विचारलं. ही गोळी पोटात असताना माणूस उपाशी राहिला, वर ऑपरेशनचा ताण, की रक्तात कीटोन वाढून आम्लता होऊ शकते. आणि फसवं म्हणजे मीटरवर साखर तेव्हा फार दिसतही नाही. मार्च २०२५ मध्ये तिच्या जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किंमत उतरली, आता खूप जणांना ती चालू असते. काहींना तर शुगरसाठी नाही, हृदयासाठी दिलेली असते, मग "शुगरच्या गोळ्या कुठल्या?" विचारल्यावर तिचं नाव निघतच नाही. गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, अगदी सगळी.

ऑपरेशननंतर बाबांची साखर २६०. आई रडायलाच लागली, पोटात अन्नाचा कण नाही तर चढली कशी? तर ताणात शरीरच साखर सोडतं. इन्सुलिन सुरू केलं तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं, "एकदा लागलं की जन्माचं." तसं काही झालं नाही. टाके काढायला गेलो तेव्हा ते त्यांच्या जुन्या गोळ्यांवर परत आले होते. तुमचंही लिहा, त्या काकांना वाचून दाखवणार आहे.

घाटवाट
पहिला नंबर मागून घ्या!! बाकी सगळं नंतर.
आईचा गुडघा, कोल्हापूर. आंबा घाट चढून आदल्या दिवशीच गेलो होतो. सकाळी नऊ सांगून दुपारी दोन वाजेपर्यंत आत घेतलं नाही. रात्री ग्लिमेपिराइड नेहमीसारखी झालेली, पोट रिकामं. हात थरथरायला लागले, गाऊन घामानं भिजला, बोलणं अडखळलं. मीटरवर ६१. मी पिशवीतून साखरेची पुडी काढली तर सिस्टर म्हणाल्या, तोंडातून नको, शिरेतून देऊ, आणि लगेच ग्लुकोज लावलं. त्या सिस्टरांचे उपकार. शुगरवाल्याला सकाळी पहिलं घ्यावं हे सगळ्यांना माहीत असतं, पण यादी करताना कुणी सांगावं लागतं.
गुडघा मात्र झकास. आता देवळाच्या पायऱ्या माझ्या आधी चढते.

तिरफळ
माझ्या सासूचा मोतीबिंदूचा झाला. म्हणता, "डोळ्याक साखर कित्याक बघतत?" तपासल्यानी, १७० इली, झाला काम. पण मगे चतुर्थी इली नि मोदक समोर. मी डोळ्यात थेंब घालतंय नि तिचो हात मोदकाच्या ताटात. काय करतलंय, वर्षाचो सण. एक दिलंय, दुसरो न्हय म्हटलंय.

सुरंगी
@तिरफळ ताई, एकावर थांबवलंत हेच मोठं 😄

वॉर्डातली ताई
ड्युटीवरून आत्ताच आले, भात शिजतोय तोवर लिहिते. ऑपरेशनच्या आसपास आम्ही साधारण १०० ते १८० मध्ये साखर राहील असं बघतो. ७० च्या खाली गेलेली आम्हाला २०० पेक्षा जास्त घाबरवते, कारण भुलीत असलेला माणूस "घेरी येतेय" म्हणून सांगू शकत नाही.

हे नीट वाचा, कोकणात फार होतं. एप्रिल-मे मध्ये हापूस कापता कापता हात नुसता पुसतात आणि बोट टोचतात. मीटर ३००च्या वर! घरात रडारड, इन्सुलिनचा जादा डोस. साबणपाण्यानं धुवून, कोरडं करून परत घेतलं की १५०. सॅनिटायझर किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं रस जात नाही, पाणीच लागतं. ऑपरेशनआधी डायरी लिहून आणायला सांगितली असेल तर हे फार महत्त्वाचं.

अजून एक, उलटी होऊ नये म्हणून भुलीच्या वेळी कधी कधी डेक्सामेथासोन देतात. ते स्टिरॉइड. त्यानंही एखादा दिवस साखर वर राहते. पेशंटने चोरून काही खाल्लं असं समजून त्याला बोलू नका.

हर्णैकर
सुईच्या इन्सुलिनचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलगी टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, तेव्हा शाळेत होती. जुलै, धो धो पाऊस, रात्री अपेंडिक्स. वाटेत एक वडीलधारे सारखे सांगत होते की ती उपाशी आहे तर इन्सुलिन अजिबात देऊ नका. बायको ठाम राहिली. टाइप वनला रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण कधीच बंद करायचं नसतं, उपाशी असली तरी. ते बंद केलं की कीटोन. डॉक्टरांनी पोचल्यावर तेच सांगितलं. मग एका बाजूनं ग्लुकोज, दुसऱ्या बाजूनं इन्सुलिनचा पंप, तासातासाला बोट टोचणं, मधूनमधून पोटॅशियम तपासणं. अशा वेळी एचबीएवनसी कुणी विचारत नाही, वेळच नसतो, हातात आहे ती साखर सांभाळून पुढे जातात.
पहाटे तिनं डोळे उघडून विचारलं "किती आली?" म्हणजे साखर. तिला दुखत होतं ते नाही, साखर. अजून ते आठवलं की मला लिहवत नाही.

घाटवाट
@हर्णैकर दादा 🙏 आता कशी आहे?

हर्णैकर
छान आहे. पुण्याला शिकते. स्वतःचे डोस स्वतः ठरवते.

खाडीपलीकडे
हर्णै वाचून विचारते, निसर्ग वादळात इन्सुलिनचं काय केलंत? आमच्याकडे जून २०२० ला वीज कितीतरी दिवस नव्हती.

हर्णैकर
मातीच्या मडक्यात. बाहेरून ओलं फडकं, आत डबीत बाटली, पाणी लागणार नाही अशी. सावलीत, वारा लागेल तिथे. उघडलेली बाटली फार गरम जागा नसेल तर चारेक आठवडे बाहेर टिकते. बर्फाला मात्र चिकटू द्यायची नाही, गोठलं की फुकट.

पूररेषा
चिपळूण, २२ जुलै २०२१. आमचं फ्रिजच वाहून गेलं, इन्सुलिन त्यातच. बाकी काही लिहीत नाही आज.

सुरंगी
🙏

कुळीथपिठी
ऑपरेशननंतर जेवायला काय दिलंत सगळ्यांनी? आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि ग्लुकोज बिस्किटं. काकांच्या खाटेखाली शहाळ्यांचा ढीग. नको म्हटलं तर माणसं दुखावतात.

वॉर्डातली ताई
शहाळ्यातही साखर असते, आणि पोटॅशियम भरपूर. ज्यांची किडनी अधू आहे त्यांना तर विचारल्याशिवाय नकोच. पेज चालते पण वाडगाभर नुसती पेज म्हणजे नुसता भातच, जोडीला प्रथिनं हवीत. पथ्य उठलं की पेडवे, बांगडा, अंडं, शाकाहाऱ्यांना मुगाचं कढण, कुळथाची पिठी. जखम भरायला तीच लागतात. कोकम सरबत नको, आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, पाण्यात घालून चिमूटभर मीठ, ते द्या.

तिरफळ
पेडव्याचा तिखला हॉस्पिटलात न्हेलंय तर अख्ख्या वॉर्डाक वास 😂 शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाक लागले, माका पण इल्ला दी.

घाटवाट
तिखल्याची कृती वेगळ्या धाग्यात टाका ना ताई, प्लीज.

नवीन सभासद
नमस्कार. बाबांच्या पायाच्या जखमेचं सोमवारी आहे. मेटफॉर्मिन रोज दोनदा. आणि डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलंय, भूक कमी करणारं, ते रविवारी असतं. घ्यायचं का?

वॉर्डातली ताई
ते इंजेक्शन असलं की पोट सावकाश रिकामं होतं, उपाशी ठेवूनही अन्न आत राहू शकतं आणि भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्यामुळे रविवारची वाट बघू नका, आजच फोन करून भूलतज्ज्ञांना सांगा, तेच ठरवतील. मेटफॉर्मिन सहसा त्या सकाळी देत नाहीत, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. पायाची जखम म्हणजे ठरवून पुढे ढकलायचं ऑपरेशन असेलच असं नाही, त्यामुळे आपण होऊन काही बंद करू नका.

नवीन सभासद
केला फोन. इंजेक्शन नको म्हणाले, शनिवारी भेटायला बोलावलंय. घरात मीटर आहे पण पट्ट्या संपल्यात, इथल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीयेत.

कुळीथपिठी
कुडाळच्या आसपास असाल तर माझ्याकडे एक न उघडलेली डबी आहे. मीटर त्याच कंपनीचा लागेल, फोटो पाठवा. आणि झाकण लगेच घट्ट लावत जा, पावसाळ्यात दमट हवेनं पट्ट्या बिघडतात आणि काहीही आकडा दाखवतात.

नवीन सभासद
मीटर तोच आहे. उद्या सकाळी दहाच्या एसटीनं येते, स्टँडवर भेटूया का?

कुळीथपिठी
या. स्टँडच्या समोरच घर आहे, चहा घेऊनच जा.