मदत हवी आहे: सोयाबीनचं लेगहिमोग्लोबिन आणि व्हेलचं मायोग्लोबिन, कोणती अलाइनमेंट धरू?

नमस्कार मंडळी,

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतलं लेगहिमोग्लोबिन आणि स्पर्म व्हेलचं मायोग्लोबिन या ऑक्सिजन धरणाऱ्या दोन प्रथिनांची तुलना करतोय. पुढे आणखी वनस्पती-प्राणी घेऊन वंशवृक्ष काढायचाय, पण गाडी पहिल्याच पायरीवर अडलीय.

अमिनो आम्लांचे क्रम शेजारी जुळवून ठेवले (म्हणजे अलाइनमेंट केली) तर साम्य २० टक्क्यांच्याही खाली. टीएम-अलाइन या प्रोग्रामने त्रिमितीय रचना एकमेकींवर बसवल्या की मात्र हेलिक्सवर (मळसूत्री तुकड्यावर) हेलिक्स येते, लोह असलेला हीम हा भागसुद्धा जवळपास त्याच जागी. अडचण हिस्टिडिन या अमिनो आम्लाची आहे. हीमच्या दोन बाजूंचे हिस्टिडिन व्हेलमध्ये क्रमातल्या ६४ आणि ९३ व्या जागेवर, अंतर २९. सोयाबीनमध्ये ६१ आणि ९२, अंतर ३१. नुसत्या क्रमांच्या अलाइनमेंटमध्ये पहिली जोडी समोरासमोर येते, दुसरी दोन घरं सरकते. गॅप पेनल्टी (रिकामी जागा सोडल्याबद्दलचा दंड) उतरवली तर दुसरीही जुळते, पण भलतीकडे भोकं पडतात.

हाताने जुळवून टाकू का? आणि एवढ्या कमी साम्यावर दोन्हींचा पूर्वज एकच म्हणायचा का?

प्रतिसाद १
हाताने जुळवलंत तर तेच हिस्टिडिन नंतर पुरावा म्हणून दाखवता येणार नाहीत. त्यांना तपासणीसाठी राखून ठेवा.

खरी गोम अशी की तुम्ही दोनच क्रम घेतलेत. भात आणि बार्लीची गाठींशी संबंध नसलेली हिमोग्लोबिनं, लँप्रे, कीटक असे मधले दुवे घाला. लेगहिमोग्लोबिन तशाच जुन्या वनस्पती-हिमोग्लोबिनांतून आलंय, त्यामुळे ती वगळून झाड काढणं मला तरी पटत नाही. मग प्रोमल्स-३डीसारखी रचनेचा आधार घेणारी अलाइनमेंट करा. ती दोन जादा घरं ई आणि एफ हेलिक्सच्या मधे (हेलिक्सना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली असतात) आपोआप पडायला हवीत. झाडासाठी हेलिक्सचे खात्रीचे स्तंभ ठेवा, वळणं काढून टाका.

पूर्वजाबद्दल: टीएम-स्कोअर (रचना किती जुळतात त्याचा आकडा) ०.५ च्या वर म्हणजे घडी साधारण एकच, पण तेवढ्याने नातं सिद्ध होत नाही. एचएचप्रेड या साधनाने प्रोफाइलला प्रोफाइल (एकेका प्रथिनाच्या अनेक नातेवाईक क्रमांचा गोषवारा) भिडवून बघा. ग्लोबिनांचं, म्हणजे अशा हीमवाल्या प्रथिनांचं, नातं तिथे स्पष्ट दिसतं.

प्रतिसाद २
युनिप्रॉट या प्रथिन-क्रमांच्या डेटाबेसवरून क्रम घेतला असेल तर सुरुवातीचा मेथायोनिन (पहिलं अमिनो आम्ल) मोजलेला असतो. व्हेलचे हिस्टिडिन तिथे ६५ आणि ९४ वर सापडतील.

धागाकर्ता
आभार दोघांचे! भाताचं घालून बघतो. पण त्यात दूरचा हिस्टिडिन (व्हेलमधल्या ६४ च्या जोडीचा) थेट लोहालाच धरून बसतो ना? मग रचना जुळवताना खोट येणार नाही?

प्रतिसाद १
ई हेलिक्स थोडी सरकलेली दिसेल, सी-डीचा भागही. लोहाला काय चिकटलंय ते पीडीबी या रचनांच्या डेटाबेसच्या प्रत्येक नोंदीत आधी बघा आणि आरएमएसडीच्या (रचनांतल्या सरासरी अंतराच्या) आकड्याशेजारी लिहून ठेवा. क्रमांच्या अलाइनमेंटला त्याने फरक पडत नाही. मात्र वनस्पतींतली ट्रंकेटेड (आखूड) हिमोग्लोबिनं यात मिसळू नका, ते कुळच निराळं आहे.