शाळेच्या वयात वाचलेल्या कादंबऱ्या: तेव्हा काय वाटलं होतं?

गोदाकाठ, नांदेड
भाची अकरावीला आहे, लातूरला. क्लासमधून वेळ काढून 'बनगरवाडी' वाचायली. परवा फोनवर चिडून म्हणाली, "मामा, दुष्काळात सगळं गावच उठून जाणार होतं, तर मास्तरनं एवढा जीव लावला कशाला?" मला माझी 'ययाति' आठवली. नववीत बक्षीस मिळालेली. बापानं पोराचं तारुण्य मागावं, याचा मला इतका संताप आला की पुस्तक मिटून ठेवलं. सरांना विचारलं तर म्हणाले, ज्ञानपीठ मिळालंय त्याला, नीट वाच. अजूनही मला पुरूचीच बाजू पटते. तुम्हाला त्या वयात जे वाटलं तेच लिहा, आत्ताचं शहाणपण नको.

शेवंता
मृत्युंजय!! वाचनालयात एकच प्रत, पानं सुटलेली. सगळ्या पोरी कर्णावर फिदा, मला मात्र त्याच्या धाकट्या भावाचा, शोणाचा भाग आवडायचा. मोठ्या भावाकडं असं बघणारं कुणीतरी पाहिजे. कर्णाच्या बायकोला, वृषालीला अजून बोलू द्यायला पाहिजे होतं. बाकी नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

पूर्णाकाठी
भाचीला सांगा, गाव उठतं हे आमच्या आज्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ७२ च्या दुष्काळात अर्धी आळी कामाच्या शोधात बाहेर होती.

माजलगावकर
७२ चं नाव काढलं की सुकडी आठवते. आई खडी फोडायला जायची, आम्ही भावंडं डबा घेऊन रांगेत.

पूर्णाकाठी
आणि ती मिलो ज्वारी! लाल भाकरी. आजी शेवटपर्यंत तिचं नाव काढू द्यायची नाही.

आबा_केज
कादंबरी नाही, कथा आहे, पण 'लाल चिखल' विसरता येत नाही. टोमॅटोला भाव नाही म्हणून बाप भर बाजारात माल तुडवतो. प्रश्न होता, 'शेतकऱ्याची व्यथा स्पष्ट करा.' आमच्या घरी त्याच हंगामात कोथिंबीर बांधावर टाकलेली. मी उत्तरात तेच लिहिलं. गुण कापले, धड्याबाहेरचं म्हणून. ते उत्तर बरोबर होतं, असं आजही म्हणतो.

शेवंता
आबा, बरोबरच होतं.

काटगाव_रोड
तुम्ही सगळे लांबलांबचं सांगायलात. बोराडे सरांची 'पाचोळा' कुणी वाचली नाही का? १९७१ ची आहे. पारबती बोलायला लागली की शेजारची काकू ओसरीवर येऊन बसल्यासारखी वाटायची. शाळेत आम्ही घरच्यासारखं बोललो की वर्ग हसायचा, आणि इथं अख्खी कादंबरी आपल्या बोलीत! दहावीच्या सुट्टीत दोनदा वाचली. तिच्या नवऱ्याचा, गंगाराम शिंप्याचा हट्ट तेव्हा मला बरोबर वाटायचा, आईला अजिबात नाही. त्यावरून आमची जेवताना भांडणं व्हायची.

नीट_२६
मी बारावीत आहे, ते वय माझं आत्ताच चालू आहे. 'कोसला' वाचली. पांडुरंग पुण्यात वडिलांचे पैसे उडवतो तेव्हा लई राग आला. आमच्या पप्पांनी सोयाबीन विकून माझी हॉस्टेलची फी भरलीय. मग धाकट्या बहिणीच्या मरणाची पानं आली. त्या रात्री मेसला गेले नाही, घरी फोन करून छोटीशी बोलत बसले. तरी पैशांबद्दलचं माझं मत तेच आहे.

गोदाकाठ, नांदेड
बाळा, जेवण चुकवू नको. भाचीचा नंबर खाजगी निरोपात पाठवतो, दोघी बोला.

माजलगावकर
पाचोळा कुणाकडं आहे का? रविवारी औशाला लग्नाला येतोय, घेऊन जाईन.

काटगाव_रोड
माझ्याकडं आहे. पण परत पाहिजे हं, आईची प्रत आहे.