सशांचे पेलेट: मोठं पोतं घ्यावं की छोटं पाकीट?

लांबकान
घरात दोन मोठे ससे आहेत, दोघंही साधारण दोन-दोन किलोचे. पेलेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांच्या, खर्चावरून घरात सारखी वादावादी होते. पाळीव सशांची म्हणून मिळणारी छोटी पाकिटं महाग पडतात. ससेपालन करणाऱ्यांसाठी जे मोठं पोतं येतं, ते किलोमागे खूपच स्वस्त पडतं. माझं मत पोत्याच्या बाजूने आहे. शेवटी दोन्हींत गवताचं पीठ, कोंडा आणि वरून घातलेली जीवनसत्त्वंच असतात. मग पाकिटावरच्या गोड चित्राचे पैसे मी का मोजायचे? पटत नसेल तर कारणासकट सांगा.

हिरवाचारा
नाही पटत. ते पोतं बहुतेक वेळा मांसासाठी वाढवायच्या सशांसाठी बनवलेलं असतं. काही आठवड्यांत वजन भरायला हवं, म्हणून त्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के, पिष्टमय पदार्थ जास्त आणि तंतू त्या मानाने कमी. तुमचे ससे घरात लोळणारे, वाढ पूर्ण झालेले. त्यांना तंतू निदान १८ टक्के हवेत, २० च्या वर असतील तर उत्तम. प्रथिनं १२ ते १४, स्निग्धांश ३ च्या आत, कॅल्शियम अर्धा ते एक टक्का.

हे आकडे वाटतात तितके कोरडे नाहीत. अति पोसलेला ससा लठ्ठ होतो आणि त्याला स्वतःची मागची बाजू चाटून साफ करता येत नाही. ससा रोज ज्या मऊ लेंड्या परत खातो, त्या मग तशाच केसांना चिकटून राहतात. उन्हाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. शिवाय पोत्यातल्या काही खाद्यांत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीवरचं औषध आधीच मिसळलेलं असतं. निरोगी घरच्या सशाला ते रोज कशाला?

काटकसर
आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून पोतं वाईट आणि पाकीट चांगलं असं होत नाही. पोत्यातही मोठ्या सशांसाठीचं, जास्त तंतूंचं खाद्य मिळतं. आणि महाग पाकिटांत काय काय असतं ते बघा: रंगीत फुगवलेले तुकडे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, वाळवलेली फळं. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो आणि तंतूंचे तुकडे वाटीत तसेच राहतात. एडिंबरा विद्यापीठात ३२ सशांना १७ महिने वेगवेगळा आहार देऊन अभ्यास झाला होता. त्यात अशा मिश्र खाद्यावरचे ससे लठ्ठ झाले, त्यांच्या दातांच्या तक्रारी वाढल्या आणि ते गवतही कमी खाऊ लागले.

किंमत बाजूला ठेवा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला लिहिलेला असतो. पहिलं नाव टिमोथी किंवा दुसऱ्या गवताचं असेल तर पुढे वाचा. मका, गहू, सोया किंवा मळी वरच्या दोन-तीन नावांत असेल तर परत ठेवा. लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, पहिला असेल तर ते खाद्य पिल्लांचं. साधारण सहा महिन्यांपर्यंत ठीक, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. ससा आतड्यातून कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि उरलेलं लघवीवाटे टाकतो. ते फार झालं तर मूत्राशयात पांढरट गाळ साठू शकतो.

घरी आणल्यावर दोन पेलेट कोमट पाण्यात टाका. थोड्या वेळात फुगून फुटतील, ते बोटांनी चोळा. गवताचे बारीक धागे हाताला लागले पाहिजेत. नुसता गुळगुळीत पिठाचा लगदा झाला तर मी ते खाद्य दुसऱ्यांदा घेत नाही.

लांबकान
म्हणजे लेबलवरचे आकडे जमले तर पोतं चालेल? माझंच म्हणणं तर आहे!

मऊपंजा
थांबा, हिशेब करा. मोठ्या सशाला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त २५ ग्रॅम पेलेट. तुमच्या दोघांचे मिळून १०० ग्रॅम. २५ किलोचं पोतं २५० दिवस, म्हणजे आठ महिने चालणार. जीवनसत्त्व अ आणि ई साठवणीत कमी होत जातात, स्निग्धांश खवट होतो, आणि दमट हवेत बुरशी धरली तर तिचं विष सशाच्या यकृताला सोसत नाही. तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या, आणि तारीख गिरणीतून निघाल्याची बघा, दुकानात आल्याची नव्हे. याच हिशेबाने महाग पाकीटसुद्धा रोजचं जेमतेम मूठभर जातं. बचत मापात करा, दर्जात नको.

काटकसर
ओळखीतल्या तीन-चार ससेवाल्यांनी मिळून एक पोतं वाटून घेतलं तर तेही तीन महिन्यांत संपतं. मी हेच करते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवते.

फक्तगवत
मला सगळी चर्चाच उलट्या बाजूने चाललेली दिसते. मुळात पेलेट हवेत कशाला? सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजतात लांब गवत दाढांखाली आडवं रगडून. पेलेटमधले तंतू दळलेले, दोन चावांत भुगा. आतड्यातही लांब तंतूच हालचाल चालू ठेवतात, बारीक कण मागे वळून अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, आंबायला जातात. पेलेटचे पैसे चांगल्या गवतात घाला आणि सोबत पालेभाज्या द्या.

हिरवाचारा
आहाराचा ८० टक्क्यांहून जास्त भाग गवत असावा, यावर वादच नाही. पण पूर्ण बंद करण्याला माझा विरोध आहे. विकत मिळणाऱ्या गवताचा कस प्रत्येक कापणीला बदलतो. घरात कोंडलेल्या सशाला ऊन मिळत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडतं. तांबं, आयोडीन यांसारखी सूक्ष्म द्रव्यंही गवतातून भरवशाने मिळतीलच असं नाही. म्हातारा किंवा दात बिघडलेला ससा तर निव्वळ गवतावर वाळत जातो.

फक्तगवत
आजारी आणि म्हाताऱ्या सशांचं मान्य. धडधाकट सशाला उन्हात मोकळं सोडा, चार तऱ्हेची पानं द्या. माझं मत बदललेलं नाही.

लांबकान
पोत्याचं लेबल वाचलं. पहिला घटक गहू-कोंडा, प्रथिनं १७, तंतू १४. हे पोतं बाद. जास्त तंतूंचं मिळालं तर वाटून घेईन, तोवर लहान पाकीट. पण आत्ताचं खाद्य एकदम बदलू का?

मऊपंजा
एकदम अजिबात नको. दोन-तीन आठवडे लावा. आधी जुन्यात चौथा हिस्सा नवं मिसळा, मग हळूहळू वाढवा. लेंड्यांवर लक्ष ठेवा, लहान किंवा ओल्या होऊ लागल्या तर एक पाऊल मागे या. आणि या काळात एखाद्याने दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्याही थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्या.